फणशांचं आगाऊ बेसणं

साखरपुड्याच्या बोलणीत अविनाश फणसे एकच वाक्य जास्तीचं बोलले, आणि पुढचं सगळं त्या वाक्यामुळे झालं.

बडोद्यात वासण्याला मुतालिकांच्या दिवाणखान्यात चहा झाला होता. फणशांची शलाका आणि मुतालिकांचा नील यांचं जमलेलंच होतं; वडीलधाऱ्यांनी फक्त खुर्च्यांवर बसून ते आपणच जमवल्यासारखं दाखवायचं होतं. नीलच्या आई कौमुदीताई म्हणाल्या, "मला बाई काही नको. फक्त मांजलपूरचा तो नगीनदास हॉल मिळाला तर बघा. पार्किंग आहे, लिफ्ट आहे, आमच्या काकूंना गुडघ्यांचं आहे."

"हॉल माझ्याकडे लागला," अविनाशराव म्हणाले.

मोहनाताईंनी टीपॉयखालून नवऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवलं, पण उशीर झाला होता. चौतीस वर्षं एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात भांडारातल्या मालाची पडताळणी करून निवृत्त झालेला हा माणूस. तिथे "माझ्याकडे लागलं" म्हटलं की शिपाई धावायचे. निवृत्तीनंतर वाक्य तेवढं घरी आलं, शिपाई कारखान्यातच राहिले.

नगीनदास हॉलचं असं होतं की, तो ट्रस्टचा असल्यामुळे स्वस्त होता, आणि स्वस्त असल्यामुळे तो कधीच कुणाला मिळत नसे. बुकिंग फक्त ट्रस्टच्या वेबसाइटवर. कार्यक्रमाच्या बरोबर साठ दिवस आधी, सकाळी नऊ वाजता ती तारीख खुली व्हायची आणि नऊ वाजून एक मिनिटाने संपलेली असायची. त्यात डिसेंबरच्या मध्यावर कमुरता लागतो. म्हणजे महिनाभर गुजराती घरांत शुभकार्य बंद. त्यामुळे अख्ख्या बडोद्याला त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. गुरुजींनी चार मुहूर्त काढून दिले होते. पहिल्या तारखेला अविनाशराव स्वतःचं नाव एका बोटाने टाइप करत 'फ'पर्यंत पोचले, तेव्हा हॉल गेला होता. दुसऱ्या वेळी ते 'फणसे' पुरं करून मोबाइल नंबरापर्यंत गेले. तिसऱ्या वेळी सगळं भरलं, आणि नेमका चष्मा सरकला.

"प्रगती आहे," मोहनाताई म्हणाल्या. "दहाव्या मुहूर्ताला नक्की मिळेल."

मुहूर्त एकच उरला होता.

सोसायटीत ही बातमी पसरली, म्हणजे सल्ले आले. शेजारचे कीर्तिभाई, जे ट्रस्टचे सभासदही होते, म्हणाले, "ओळखाण लगाडो, अविनाशभाई. पण ओळखाण तो मारीय चालती नथी." म्हणजे वशिला लावा, पण माझा लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या अवंतीभाभींनी सांगितलं की त्यांच्या जावेने चार फोन आणि एक भाचा लावून हॉल मिळवला. भाचा कुठे मिळेल ते त्यांनी सांगितलं नाही. अविनाशरावांनी प्रत्येक सल्ला मान डोलावून ऐकला आणि प्रत्येकाचा राग वेगवेगळा ठेवला.

शेवटी उपाय घरातच निघाला. शलाका एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. एका सकाळी पोहे खाताना ती आईला सांगत होती, "आम्ही काही हाताने क्लिक करत बसत नाही गं. स्क्रिप्ट लिहून ठेवायची. ब्राउझर आपोआप उघडतो, फॉर्म आपोआप भरतो, बटण आपोआप दाबतो. पाचशे वेळा करायला सांग, पाचशे वेळा करतो."

अविनाशरावांचा चमचा थांबला. "हे मिळतं कुठे?"

"फुकट असतं, बाबा. ओपन सोर्स. कुणीही डाउनलोड करावं, वापरावं, आत काय आहे तेही वाचावं. पण ते आपापल्या साइटची चाचणी घ्यायला. ट्रस्टच्या साइटवर नका चालवू असलं काही. ते बरं दिसत नाही."

"मी फक्त माहिती विचारली," अविनाशराव म्हणाले. मोहनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी फक्त माहिती कधीच विचारली नव्हती.

मुलगी ऑफिसला जाताच ते कॉम्प्युटरसमोर बसले. तिला विचारणं सोपं होतं, पण हॉल माझ्याकडे लागला म्हणणाऱ्या बापाने हॉल मुलीकडून घ्यायचा, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शोधल्यावर अशी बरीच पॅकेजं निघाली. एकाचं नाव औषधाच्या गोळीसारखं, एकाचं बाहुल्यांच्या खेळासारखं, एकाचं नाटकवाल्यासारखं. बडोद्याच्या मराठी माणसाने ह्यातून काय निवडावं हे वेगळं सांगायला नको. त्यांनी नाटकवालं घेतलं.

फुकट ह्या शब्दाची मात्र त्यांना धास्ती होती. ज्या वस्तूला पावती नाही ती वस्तू त्यांनी आयुष्यात भांडारात घेतली नव्हती. कीर्तिभाईंनाही ते पटेना. "मफतनुं छे? कोण आपे छे? शुं काम आपे छे?" म्हणजे फुकट कोण देतं, आणि का देतं? अविनाशरावांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की जगभरातले हजारभर लोक आपापल्या घरी बसून ते लिहितात आणि एकमेकांच्या चुका काढतात. हे वाचून त्यांना एकदम आपल्या मराठी मंडळाची आठवण झाली आणि विश्वास बसला.

पुढचे नऊ दिवस फणशांच्या घरात दूरदर्शन बंद होतं. अविनाशराव वहीत उतरवून घेत होते: ह्या पानावर जा, ह्या चौकटीत नाव लिही, इथे तारीख घाल, ते बटण दाब. पहिल्या दिवशी स्क्रिप्टने पान उघडायच्या आतच बटण दाबलं, म्हणजे हवेतच. मग त्यांनी तिला थांबायला शिकवलं. मग ती इतकी थांबायला लागली की मोहनाताईंचा कुकर होऊन जायचा. पण अविनाशराव खूश होते. सांगितलेलं ऐकणारा माणूस त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच भेटला होता.

एक नैतिक अडचणही आली. फॉर्मच्या शेवटी चौकट होती: 'मी यंत्र नाही', आणि तिथे खूण करायची. आता यंत्राने आपण यंत्र नसल्याचं लिहून देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. स्क्रिप्टने तिथे थांबायचं, खूण आपण स्वतः आपल्या हाताने करायची. सत्य तेवढं माणसाचं, बाकी मेहनत यंत्राची.

खरी गोम पुढेच होती. फॉर्ममध्ये 'कार्यक्रमाचा प्रकार' अशी यादी होती, गुजरातीत: लग्न, सगाई, बेसणुं, इतर. यादीतला पर्याय स्क्रिप्टला नावाने सांगता येत होता किंवा क्रमांकाने. नावाने सांगायचं तर गुजराती अक्षरं टाइप करायला हवी होती. अविनाशरावांनी क्रमांक घेतला. सगाई, म्हणजे साखरपुडा, दुसरी. त्यांनी लिहिलं, २.

ह्या पॅकेजच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं की मोजणी शून्यापासून होते. पहिल्याला शून्य म्हणायचं, दुसऱ्याला एक. अविनाशरावांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, 'छपाईची चूक'. चौतीस वर्षं त्यांनी कप्प्यातले बोल्ट मोजले होते. शून्य नंबरचा बोल्ट म्हणजे नसलेला बोल्ट, हे त्यांनी तीन मॅनेजरांना ऐकवलेलं होतं. जगभरचे हजार लोक घरी बसून लिहितात म्हटल्यावर एखादा चुकणारच.

बुधवारी सकाळी नऊ वाजता चौथा मुहूर्त खुला झाला. स्क्रिप्टने तीन सेकंदांत फॉर्म भरला. इतक्या वेगात की अविनाशरावांना नुसतं काहीतरी लुकलुकलेलं दिसलं. त्यांनी आपल्या हाताने माणूसपणाची खूण केली, बटण दाबलं गेलं, हिरवी पट्टी आली: बुकिंग कन्फर्म. आणि स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीप्रमाणे ब्राउझर बंद झाला. काम झालं की शटर पाडायचं, ही त्यांचीच शिस्त.

"मिळाला!" ते ओरडले.

"पावती?" मोहनाताईंनी विचारलं.

"ईमेलवर असेल." फणसे पावतीबद्दल 'असेल' म्हणाले, असा हा आयुष्यातला पहिला प्रसंग. आनंदात माणसाचं असं होतं.

आता बेसणुं म्हणजे काय ते बडोद्याबाहेरच्यांना सांगायला हवं. घरात कुणी गेलं की गुजराती मंडळी दुखवट्याची बैठक ठेवतात. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, दहा मिनिटं गप्प बसतात, हात जोडून जातात. नगीनदास ट्रस्टने त्यातही लोकसेवा केलेली होती. कुणी बेसण्यासाठी हॉल घेतला की सभासदांच्या ग्रुपवर आपोआप निरोप जायचा आणि नावामागे 'स्व.' आपोआप लागायचा.

बुधवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी कीर्तिभाईंनी आपल्या बाल्कनीत तो निरोप वाचला. स्व. अविनाश फणसे यांचं बेसणं, डिसेंबरातल्या रविवारी. त्यांनी दचकून पलीकडे पाहिलं. स्व. अविनाश फणसे बाल्कनीत बनियनवर उभे राहून तुळशीला पाणी घालत होते आणि गुणगुणत होते.

दुसरा कुणी असता तर कीर्तिभाई म्हणाले असते, काहीतरी गडबड आहे. पण फणसेभाईंना ते वीस वर्षं ओळखत होते. हा माणूस गॅसचा सिलिंडर संपायच्या आधी पंधरा दिवस दुसरा आणून ठेवायचा. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले असणार, आणि ह्याने पंचांग पाहून रविवार धरला असणार. त्यांनी बायकोला हाक मारली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "जो, फणसेभाई एटले फणसेभाई. पोतानुं बेसणुंय एडवान्समां!" म्हणजे स्वतःचं बेसणंही आगाऊ.

त्या दिवसापासून अविनाशरावांना जग बदलल्यासारखं वाटू लागलं. चार वर्षं त्यांच्या पार्किंगच्या पट्ट्यात शिरून उभी राहणारी कीर्तिभाईंची स्कूटर भिंतीपलीकडे गेली. अवंतीभाभी मऊ खिचडी घेऊन आल्या आणि "मीठुं ओछुं नाख्युं छे", मीठ कमी घातलंय, असं म्हणून डोळे पुसत जिना चढून गेल्या. सोसायटीच्या चेअरमननी लिफ्टचा दरवाजा धरून ठेवला. कुणी काही विचारत नव्हतं, कारण असं कसं विचारायचं? सगळे फक्त म्हणत, "तबियत साचवजो," म्हणजे तब्येत सांभाळा. आणि अविनाशराव म्हणत, "अहो, मी ठणठणीत आहे," त्यावर समोरचा मान खाली घालायचा. हिंमत बघा, म्हणायचा.

"हॉल मिळाल्याने माणसाची किंमत वाढते," अविनाशराव बायकोला म्हणाले.

"खिचडीत मीठ का नाही?"

"आदर असा अळणीच असतो."

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात कौमुदीताई, मागे नील. न कळवता. कौमुदीताईंनी फिकट पांढरी साडी नेसली होती आणि हातात शहाळी होती, चार.

त्या सोफ्यावर बसल्या, मोहनाताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला परकं का समजलात? इतकं मोठं, आणि एकट्याने सोसलंत?"

मोहनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकट्याने सोसण्यासारखं त्यांच्या संसारात पुष्कळ होतं, पण नेमकं कोणतं ते कळेना.

"मी आणि नीलने ठरवलंय," कौमुदीताई पुढे म्हणाल्या. "डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही. साखरपुडा ह्या रविवारी तुमच्या घरातच, आणि दहा दिवसांत लग्न. अविनाशरावांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे."

"पण मी डिसेंबरलाही डोळ्यांनीच बघणार आहे!" अविनाशराव उठून उभे राहिले. "आणि हॉलचं काय? हॉल बुक झालाय! मी शब्द दिला होता!"

"तोच तर," कौमुदीताई रडू लागल्या. "तिथेच तुम्ही…" आणि त्यांनी फोन पुढे केला. वासण्याच्या शेजारणीने ट्रस्टच्या ग्रुपवरचा निरोप त्यांना पाठवला होता.

अविनाशरावांनी चष्मा लावून वाचलं. स्व. अविनाश फणसे. मग ते आत गेले, तीन दिवस न उघडलेला ईमेल उघडला. प्रकार: बेसणुं. मग वही उघडली. पेन्सिलीने लिहिलेली 'छपाईची चूक' त्यांच्याकडे बघत होती.

बाहेर तिघंजण वाट बघत होती. आतल्या खोलीत फणशांसमोर दोन रस्ते होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी दोन्ही तोलून पाहिले. बाहेर जाऊन फक्त सुस्कारा टाकला असता तर सगळं जमत होतं. कुणी हॉलबद्दल विचारलं नसतं, स्कूटर पलीकडेच राहिली असती, आणि दोन महिन्यांनी 'औषधाने गुण आला' म्हणून सांगता आलं असतं. मरणासन्न माणसाला बडोद्यात मान आहे. एकापर्यंत धड मोजता न येणाऱ्या भांडार अधिकाऱ्याला कुठे आहे?

पण पोरीचं लग्न दहा दिवसांत, आणि तेही बापाच्या खोट्या आजारावर. ते बाहेर आले.

"मला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी मोजायला चुकलो."

हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा असा झाला की नीलला क्षणभर वाटलं, आजार खराच असावा. मग त्यांनी सगळं सांगितलं, यादी, दोन, शून्य, शटर. कौमुदीताईंचं रडणं मध्येच थांबलं. त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ठणठणीत?"

"पूर्ण."

"मग ती शहाळी आम्ही परत नेऊ का?" आणि त्या जे हसायला लागल्या ते मोहनाताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून. मोहनाताईही हसत होत्या. अविनाशरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं निरीक्षण केलं.

संध्याकाळी शलाकाला कळलं. ती हसली नाही, तेच जास्त लागलं. फक्त म्हणाली, "बाबा, चाचणीमध्ये बटण दाबलं गेलं का एवढंच बघायचं नसतं. काय भरलं गेलं तेही बघायचं असतं."

"आमच्याकडेही असंच होतं," अविनाशराव पुटपुटले.

शनिवारी सकाळी सगळं शिष्टमंडळ ट्रस्टच्या ऑफिसात: अविनाशराव, मोहनाताई, शलाका, आणि कौमुदीताई. "आता मला घरी बसवत नाही," त्या म्हणाल्या होत्या. काउंटरवरच्या क्लार्कने रजिस्टर बघितलं, मग अविनाशरावांना बघितलं.

"कोण गुजरी गयुं छे, काका?"

"मी."

क्लार्कने पेन खाली ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याकडे पुष्कळ तऱ्हेचे लोक आले होते, पण स्वतः आलेला हा पहिलाच. "अने तारीख साठ दिवस पछीनी? तारीख कोणे आपी?"

"गुरुजींनी," अविनाशराव म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

प्रकार बदलून द्या, एवढीच मागणी होती. पण प्रकार बदलता येत नव्हता. बुकिंग रद्द करता येत होतं. त्यातही बेसण्याचं बुकिंग रद्द करायचं तर अर्जावर गेलेल्या माणसाच्या वारसाची सही लागायची.

"पण मी जिवंत आहे!"

"ए तो हुं जोउं छुं, काका. पण फॉर्ममां एनुं खानुं नथी." म्हणजे ते त्याला दिसत होतं, पण फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

शेवटी शलाकाने वारस म्हणून सही केली. नातं: मुलगी. रद्द करण्याचं कारण: तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'वडील उपलब्ध आहेत'. क्लार्कने ते वाचून समाधानाने शिक्का मारला. मग बटण दाबायच्या आधी त्याने बजावलं: रद्द झालं की ही तारीख त्याच क्षणी साइटवर सगळ्यांना खुली होते. नवं बुकिंग इथून करता येत नाही. ज्याचं त्याने ऑनलाइन करायचं. रोज पन्नास लोक रद्द झालेल्या तारखेवर डोळा ठेवून बसलेले असतात.

"मी करतो," अविनाशराव म्हणाले. शलाका पुढे झाली, तर त्यांनी हात आडवा केला. "नाही. शब्द माझा आहे. आणि ह्या वेळी यंत्र नाही, काही नाही. माझ्या हाताने."

त्यांनी फोन काढला, चष्मा पुसला, पान उघडलं. क्लार्कने मान हलवली आणि बटण दाबलं. तारीख हिरवी झाली. अविनाशरावांनी एका बोटाने लिहायला घेतलं. अ. वि. ना. मोहनाताईंनी श्वास धरला होता. शलाका काउंटरची कड घट्ट पकडून उभी होती. श. फ. ण.

"झालं," कौमुदीताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या बाकावर बसल्या होत्या, हातात फोन, पर्स काखेत. अविनाशरावांच्या पडद्यावर तारीख लाल झाली होती.

"साड्यांचा सेल सकाळी दहाला उघडतो ना," त्या थोड्या ओशाळून म्हणाल्या, "सवय झालीये बोटांना. तुमचं होईल असं वाटलं होतं, खरंच. पण तुम्ही 'फ'ला थांबलात, तेव्हा राहवेना. हॉल आमच्याकडे लागला समजा."

मोहनाताईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि क्लार्कने सगळ्यांसाठी चहा सांगितला. अविनाशरावांनी मात्र हात पुढे केला. "पावती बघू."

त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. नाव, तारीख, वार, मोबाइल नंबर. प्रकार: सगाई. मग पुन्हा पहिल्यापासून, पडताळणी अधिकारी वाचतो तशी, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. चूक एकही नव्हती, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

"स्क्रीनशॉट काढून ठेवा," फोन परत देत ते म्हणाले.

"काढला."

अविनाशराव क्षणभर घुटमळले.

"दोन काढा," ते म्हणाले, आणि चहा घ्यायला गेले.